पाच पायांचा डास

शिक्षकी पेशात मी लहानमोठ्या चुका पुष्कळ केल्या. त्यांतल्या बहुतेक वेळच्या वेळी कबूल केल्या, उरलेल्या कुणाच्या लक्षात आल्या नाहीत. एक चूक मात्र अशी होती, की ती सर्वांच्या लक्षात आली आणि माझी आहे हे कुणालाच कळले नाही. नवीन पनवेलच्या ज्या शाळेत मी पर्यवेक्षक होतो, तिथल्या नववीच्या वर्गाला एका शुक्रवारी दुपारी मी सांगितले, "बाईंनीच सांगितलंय." बाईंनी तसे काहीही सांगितले नव्हते. एवढ्याशा खोट्यापायी बाईंचा वर्ग गेला, आणि ज्या मुलीवर त्यांचा सर्वांत अधिक जीव होता ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. मी दोघींना रोज पाहत होतो आणि गप्प होतो. गप्प राहणे हा माझा स्वभाव आहे असे लोक म्हणतात. त्या वेळी तो स्वभाव नव्हता, सोय होती.

बाई कोण होत्या हे आधी सांगितले पाहिजे, कारण त्यांना ओळखल्याखेरीज माझ्या चुकीचे वजन कळणार नाही.

आमच्या शाळेत सगळ्या शिक्षिका 'मॅडम' होत्या. 'बाई' त्या एकट्याच. एखाद्या नव्या मुलाने त्यांना 'मॅडम' म्हणून हाक मारली, तर आपल्या मागे कोण उभे आहे हे त्या वळून पाहत. उंची बेताची, आवाज दणकट, आणि खांद्याला एक कापडी पिशवी. पिशवीत नायलॉनची दोरी, कपडे वाळत घालायचे चिमटे आणि जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा. त्या विज्ञान शिकवीत आणि त्यांचे सारे विज्ञान या पिशवीत मावत असे.

वर्गात शिरल्यावर त्या खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत दोरी बांधीत. मग फळ्यावर एक प्रश्न लिहीत. प्रश्न पुस्तकातला नसे, मुलांच्या अवतीभवतीचा असे, आणि त्याचे उत्तर खुद्द बाईंना ठाऊक नसे. मुले त्या प्रश्नाशी संबंधित एकेक गोष्ट लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहीत, पत्रिका दोरीला चिमट्याने लावीत आणि दोन पत्रिकांच्या मध्ये कागदी बाण अडकवीत. त्या बाणावर त्या दोन गोष्टींचा संबंध सांगणारा शब्द लिहावाच लागे. याला संकल्पना नकाशा म्हणतात हे मला पुष्कळ पुढे, प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतून कळले. बाई त्याला नुसते 'दोरी' म्हणत.

"बाणावर शब्द नसेल, तर तो बाण नाही. खराट्याची काडी आहे ती," असे त्या म्हणत.

आणि दुसरा नियम असा, की वर्गातल्या कुणीही कुठल्याही बाणाकडे बोट दाखवून 'कशावरून?' असे विचारावे. ज्याने बाण लावला त्याने पुरावा द्यावा, नाही तर बाण उतरवावा.

लग्नपत्रिकाच का, असे मी एकदा विचारले. त्या म्हणाल्या, "मागची बाजू कोरी असते, जाड असते आणि फुकट असते. याहून चांगलं शैक्षणिक साहित्य सरकारलाही सुचलेलं नाही." त्या प्रत्येक लग्नाला जात आणि निमंत्रण देणाऱ्याच्या देखत पत्रिका दोन बोटांत धरून चाचपत. माझ्या पुतणीची पत्रिका चाचपून झाल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "पातळ आहे हो," त्या हळहळून म्हणाल्या. "हिच्यावर फार तर अमिबा राहील."

पंखा सुरू केला की पत्रिका गरकन फिरत. 'प्रकाशसंश्लेषण' पाहता पाहता 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' होऊन जाई. मुले खिदळत. दुसऱ्या एखाद्या शिक्षकाने पंखा बंद केला असता. बाई म्हणत, "तेही वाचा. वर आणि वधू. मधल्या बाणावर काय लिहाल?"

"घाबरतो," एक मुलगा म्हणाला.

"कशावरून?"

"पप्पांवरून, बाई."

बाई हसल्या नाहीत. "एका पुराव्यावर बाण लावत नसतात," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "आणखी दोन घरं बघून ये."

आमचे मुख्याध्यापक उंच होते. वर्ग पाहायला ते आले की बाई आतूनच ओरडत, "या सर, पण वाकून या. अन्नसाखळी लोंबतेय." एकदा एका पालकांनी शिपायाला विचारले, की शाळेने कपडे धुऊन देण्याची काही सोय सुरू केली आहे का.

हा बाणांचा नाद शाळेच्या फाटकाशी संपत नसे. एकदा आम्ही बाजारातून बरोबर चाललो होतो. भाजीवालीने सांगितले, "कांदा महाग झाला बाई, पाऊस पडला ना." बाई तिथेच थांबल्या. "पाऊस आणि कांदा. मधे काय? कुजला, की गाडी अडकली, की तुम्ही दाबून ठेवला?" भाजीवालीने तराजू खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "सर, यांना कांदा पायजे का भांडण?" बाई म्हणाल्या, "आधी भांडण. मग पाव किलो."

बाई बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. पनवेलच्या त्या जुन्या रहिवासी. घरात बोलणे मराठी, रुसणे मराठी, आणि कोकणातल्या एका गावावरून पडलेले, 'कर'ने संपणारे आडनाव. भाऊ, भावजया, भाचे सगळे कधीच इस्रायलला गेले होते आणि फोनवरून त्यांना बोलावीत. "तिकडेही ते मराठीतच भांडतात," बाई सांगत. "पण विषय सगळे तिकडचे. मला त्यात गती नाही."

शनिवार हा त्यांचा पाळण्याचा दिवस. त्या शाळेत येत, शिकवीत. पण खडू किंवा पेन हाती धरीत नसत. "नोकरी सोडता येत नाही आणि देव सोडता येत नाही. म्हणून खडू सोडला. देवाशी एवढं ठरलंय माझं," असे त्यांचे स्पष्टीकरण होते. हा दिवस शुक्रवारच्या सूर्यास्तालाच सुरू होई, म्हणून शुक्रवारी कुठलीही सभा असो, कुणीही बोलत असो, चार वाजले की त्या पिशवी उचलून निघत. मुख्याध्यापक एकदा अर्ध्या वाक्यात होते. बाई दारातून म्हणाल्या, "उरलेलं उद्या, सर. तोवर क्रियापद शोधून ठेवा."

शनिवारी लिहायचे नाही, म्हणून त्या दिवशी नकाशा मुलांचाच होई. बाई मुलांना मैदानात उभे करीत, मुली ओढण्यांची टोके धरून बाण होत. अशाच एका शनिवारी मुख्याध्यापक कुणा पाहुण्यांना शाळा दाखवीत होते. भिंतीकडे तोंड करून एक मुलगा एकटाच उभा होता.

"का रे, शिक्षा झाली का?" पाहुण्यांनी विचारले.

"नाही सर," तो वळूनही न पाहता म्हणाला. "मी पर्जन्यछायेचा प्रदेश आहे."

मीही त्यांच्या दोरीवर लटकलो होतो, हे प्रांजळपणे सांगतो. एकदा बाईंनी प्रश्न घातला, 'चौथ्या तासाला नववीला झोप का येते?' मुलांनी आठवडाभर निरीक्षण केले. डबा, पोट, बंद पडलेला पंखा, पश्चिमेची खिडकी अशा पत्रिका दोरीवर चढल्या. चौथा तास माझा, इतिहासाचा. मी वर्गाजवळून जात असता सोनेरी कडांची एक भारी पत्रिका मला दिसली. तिच्यावर लिहिले होते 'सरांचा आवाज', पुढे बाण, बाणावर 'जोजवतो', आणि पलीकडे 'नववी'.

बाईंनी मला पाहिले. "मुलांना विचारा, कशावरून," त्या उत्साहाने म्हणाल्या. "चांगला पुरावा आहे त्यांच्याकडे."

मी हसलो आणि पुढे गेलो. त्याचा मला राग आला नव्हता असे मी इतकी वर्षे स्वतःला सांगत आलो. आज शोध घेतो तेव्हा दिसते, की राग आला होता. तो कुठेतरी घडी घालून मी जपून ठेवला होता.

बाईंचा तिसरा एक नियम होता, आणि पुढे तोच मला वाचवणार होता. प्रश्न सोडवताना त्या 'कशामुळे?' एवढेच विचारू देत. 'कोणामुळे?' हा शब्द त्यांच्या वर्गात चालत नसे. "चोर शोधायला पोलीस आहेत," त्या म्हणत. "आपण कारण शोधायचं. चोर सापडला की लोक विचार करायचं थांबवतात."

आता त्या मुलीविषयी. शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे बांधकाम मजुरांची वस्ती होती. डोंगराकडून कामासाठी आलेली कुटुंबे, निळी ताडपत्री, पत्रे, तीन विटांच्या चुली. ती मुलगी तिथून येई. भिंतीला वळसा घालून फाटकातून यायचे ते ती भिंतीवरूनच उडी मारून येई आणि तरीही उशिरा पोचे. 'कशावरून?' हा प्रश्न वर्गात सर्वांत मोठ्याने तीच विचारी, आणि बाईंनाही सोडत नसे.

"बाई, पृथ्वी फिरते हाय ती कशावरून? आमाला तं नाय कळत फिरल्याली."

"मलाही कळत नाही."

"मग तुमी कशाला सांगता?"

"पुस्तकात आहे म्हणून."

"मग उतरवा बाण!"

आणि बाई खरोखरच पृथ्वीचा बाण उतरवून ठेवीत, आणि सावल्या मोजून मोजून त्या पोरीची खात्री पटेपर्यंत वर चढवीत नसत. शिक्षकांच्या खोलीत येऊन सांगत, "आज मला हरवलं तिनं." एखाद्या आईने मुलीला पहिला नंबर मिळाल्याचे सांगावे, तसे. "ही शिक्षिका होणार," त्या म्हणत. "आणि तुम्हा सगळ्यांना घाम फोडणार."

त्या वर्षी पावसाळा सरल्यावर बाईंनी प्रश्न घातला, 'आपल्या वर्गात डास कुठून येतात?'

मुलांनी शाळा पालथी घातली. गच्चीवरची टाकी पाहिली, झाकण होते. गटारे पाहिली, ती वाहती होती. भिंतीपलीकडे वस्तीतही जाऊन आली. शेवटी मुले एका बाटलीत हिरवट पाणी घेऊन आली. त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. ते पाणी मुख्याध्यापकांच्या दालनासमोरच्या कमळाच्या कुंडातले होते. कुंड संस्थेच्या अध्यक्षांनी आपल्या दिवंगत आईच्या नावाने बांधून दिलेले. वर संगमरवरी पाटी होती, 'मातृस्मृती'. मुलांना कुंडाचे तेवढेच नाव ठाऊक. त्यांनी पत्रिकेवर लिहिले 'मातृस्मृती', पुढे बाण, बाणावर 'जन्म देते', आणि पलीकडे 'डास'.

बाईंना यात काही वावगे दिसले नाही. बाण होता, शब्द होता, पुरावा बाटलीत पोहत होता.

याच सुमारास शिक्षण विभागाचे एक अधिकारी बाईंची पद्धत पाहायला यायचे ठरले. त्यांना ती पटली, तर पुढच्या वर्षीपासून नववी-दहावीचे सगळे विज्ञान बाईंकडे आणि दोरीला कायमची खोली मिळणार होती. बाईंचे ते अनेक वर्षांचे स्वप्न. भेटीचा दिवस आला शनिवार. सोबत अध्यक्षही येणार होते. शनिवारी लिहिता येत नाही म्हणून बाईंनी शुक्रवारीच दोरी सज्ज केली आणि चार वाजता नेहमीप्रमाणे निघून गेल्या.

साडेचारला मुख्याध्यापक मला वर्गात घेऊन गेले आणि वाकलेल्या अवस्थेतच त्यांनी दोरी वाचली.

"हे अध्यक्ष वाचणार उद्या," ते म्हणाले. "आईनं डासांना जन्म दिला, असं."

"बाईंना सांगू या."

"बाई गेल्या. काहीतरी करा तुम्ही. पर्यवेक्षक आहात."

बाईंना फोन करता आला असता. सूर्य अजून वर होता, त्यांनी घेतलाही असता. मी केला नाही. त्यांनी ऐकले नसते, हे एक कारण. सोनेरी कडांची ती पत्रिका, हे दुसरे.

मी वर्गाला थांबवून घेतले. दोरी सोडवली, पत्रिका एका पिशवीत भरल्या, आणि प्रत्येक गटाला कोरा तक्ता दिला. "पाहुण्यांना वाकून वाचावं लागू नये, म्हणून तक्ते करायचे आहेत," मी म्हणालो. "फळ्यावरचं उतरवून घ्या. बाईंनीच सांगितलंय."

मग मी फळ्यावर नमुना नकाशा काढायला घेतला. नमुना उत्तर देणे हे माझ्या हाडीमासी खिळलेले आहे. मुलांनी चुकू नये म्हणून आधी बरोबर उत्तर फळ्यावर लिहायचे आणि मग त्यांना विचार करायला सांगायचे, अशीच मी सारी नोकरी केली. मध्यभागी मी सुशोभनासाठी एक डास काढला. नकाशातून कुंड गाळले. पण कुंड गाळल्यावर डासाकडे येणारा बाण अधांतरी राहिला. डास कुठून तरी यायलाच हवे होते. मी खिडकीबाहेर पाहिले. भिंतीपलीकडे निळी ताडपत्री दिसत होती. मी लिहिले, 'भिंतीपलीकडील वस्ती', आणि बाणावर 'पाठवते'. हा बाण डासाच्या उजव्या अंगाला आला. तिथे सहावा पाय काढायला जागा उरली नाही. मी इतिहासाचा माणूस. पाच पायांवर डास उभा राहिला, मला पुरेसे वाटले.

ती मुलगी उभी राहिली. "सर, ह्यो बाण बाईंनी सांगितला?"

"हो."

"आमच्या वस्तीचा? बाईंनी?"

"बाईंनीच. उतरवून घे."

ती खाली बसली. तिच्या गटाचा तक्ता सर्वांत नीटनेटका झाला, हे मला आजही आठवते. आठवू नये असे फार वाटते.

शनिवारी सकाळी सभागृहात तक्त्यांच्या सुरळ्या पाहुण्यांच्या समोरच उलगडल्या. बाईंनी दोरी कुठे म्हणून डोळ्यांनी विचारले आणि मी "पाहुण्यांच्या सोयीसाठी" असे पुटपुटलो. मग त्यांनी तक्ते पाहिले. त्या दिवशी त्यांच्या हाती खडू येणार नव्हता. एक रेघही पुसता किंवा बदलता येणार नव्हती. हे मला शुक्रवारी ठाऊक नव्हते असे मी म्हणू शकत नाही.

अधिकारी चौकस होते. ते एका तक्त्यापासून दुसऱ्याकडे, दुसऱ्यापासून तिसऱ्याकडे गेले, परत आले, आणि चष्मा काढून म्हणाले, "बाई, डासाला पाय किती?"

"सहा."

"मग सहावा कुणी नेला?"

सभागृहात हशा पिकला.

"एक गट विसरला तर समजू शकतो. सगळेच तोच पाय विसरले? स्वतंत्र विचार करायला शिकवता म्हणे तुम्ही." अध्यक्ष सर्वांत मोठ्याने हसले आणि बाणाकडे बोट करून म्हणाले, "पण हे अगदी बरोबर लिहिलंय. तिकडूनच येतात ते."

अधिकाऱ्यांनी पुढच्या रांगेतल्या त्या मुलीलाच विचारले, "तू सांग. हा बाण कशावरून?"

तिने खाली पाहिले. "उतरवून घेतलं, सर."

"कुठून?"

तिने बाईंकडे पाहिले आणि ओठ मिटून घेतले. बाईंचे नाव घ्यायचे नाही, एवढे तिने ठरवले होते. बाईंना मात्र त्या नजरेत निराळेच दिसले. मुलांनी घाबरून एकमेकांचे उतरवले आणि आता ही पोर दडपणाखाली आहे, असे त्यांना वाटले. त्या पुढे झाल्या. "तिला नका विचारू, साहेब. वर्ग माझा आहे. चूक माझी."

मुलीने चटकन मान वर केली. तिच्या लेखी ती कबुली होती. बाण बाईंचाच, हे आता बाई स्वतः सांगत होत्या.

दोघी एकमेकींना वाचवीत होत्या. मी खुर्च्या लावण्याच्या कामावर देखरेख करीत होतो.

त्याच दुपारी बाईंची नववी काढून त्यांना पाचवी देण्यात आली. वर्ग खालच्या मजल्यावर, दोरीला मनाई. सोमवारपासून नववीशी त्यांचा संबंध उरला नाही. आणि उरता तरी 'कोणामुळे?' हे त्यांनी विचारलेच नसते. ती मुलगी जिन्यात बाई दिसल्या की भिंतीकडे पाहत खाली उतरे. वर्गातली पोरे काही महिने तिला 'ए डास' म्हणत. वस्तीतून ती आता भिंतीवरून उडी मारून येत नसे. फाटकातून, वेळेवर येई.

बाई एकदा मला म्हणाल्या, "मुलं घाबरली की उतरवतात. मीच कुठंतरी घाबरवलं असणार त्यांना. आणि ती तर बोलतच नाही माझ्याशी. कशामुळे असेल?"

मी म्हणालो, "चहा गार होतोय, बाई."

इतके वाईट वाक्य मी आयुष्यात दुसरे उच्चारलेले नाही, आणि दिसायला ते किती निरुपद्रवी आहे.

पुढल्या वर्षी त्या कुंडात समारंभपूर्वक डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडण्यात आले. अध्यक्षांच्या हस्ते. आभार मी मानले.

बाई निवृत्त झाल्या. मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत मी आलो. मग काळाने अशी गंमत केली, की वरून आदेश आला : सर्व शाळांत विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष समस्या देऊन, संकल्पना नकाशांच्या आधारे शिकवावे, शिक्षकांना तसे प्रशिक्षण द्यावे. परिसरातल्या शाळांचे प्रशिक्षण आमच्या सभागृहात ठरले. तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून कुणाला बोलवावे, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी बाईंना फोन केला.

"दोरीला परवानगी आहे का?" त्यांनी एवढेच विचारले.

त्या आल्या. केस पांढरे, पिशवी तीच. गुडघे दुखतात म्हणून खुर्ची मागितली आणि खुर्चीवरूनच दोरी बांधायची जागा दाखवू लागल्या. हजेरीच्या वेळी मागच्या रांगेतून आवाज आला आणि मी दचकलो. डोंगराकडच्या एका आश्रमशाळेवरून विज्ञानाची शिक्षिका म्हणून तीच मुलगी आली होती. शिक्षिका झाली होती.

बाईंनीही आवाज ओळखला. त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "अगं, तू! ओळखलंस का मला?"

"हो बाई," ती म्हणाली. एवढेच. आणि वहीत पाहू लागली.

बाई पुन्हा खाली बसल्या. त्यांनी पिशवीतून चिमटे काढले, परत ठेवले, परत काढले. मग शिक्षकांना म्हणाल्या, "एक प्रश्न द्या. असा, की ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही."

"विद्यार्थी गृहपाठ का करत नाहीत?" एक गुरुजी म्हणाले.

"याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तपासत नाही म्हणून. पुढचा."

लोक हसले. ती हसली नाही. मी व्यासपीठावर, आभाराचे भाषण खिशात घेऊन बसलो होतो. सायंकाळी प्रशिक्षण संपेल, ती एसटीने डोंगराकडे जाईल, बाई रिक्षाने घरी जातील, आणि दोघींच्या मधला तो कोरा बाण तसाच राहील, हे मला स्पष्ट दिसत होते. मी उठून उभा राहिलो.

"बाई, प्रश्न माझ्याकडे आहे," मी म्हणालो. "उत्तरही आहे. म्हणजे तुमच्या नियमात बसत नाही. तरी ऐका. ते पाच पायांचे डास मुलांनी एकमेकांचे उतरवले नव्हते. फळ्यावर मी काढून दिले होते. शुक्रवारी, तुम्ही गेल्यावर. मुलांनी तुमची दोरी बरोबर लावली होती. ती मी सोडवली."

 बाईंनी हातातले चिमटे खाली ठेवले.

"मुलांनी नाही उतरवलं?"

"नाही बाई. मी उतरवायला लावलं. मला क्षमा करा."

"मी इतकी वर्षं समजत होते, की ती माझ्यामुळे घाबरली." त्यांचा दणकट आवाज पहिल्यांदाच लहान झालेला मी ऐकला. मग त्यांनी दोरीचे टोक माझ्या दिशेने झटकले. "माझ्याकडे काय बघता? ती मागे बसलीय. तिच्याकडे बघून बोला!"

ती उभी राहिली होती. वही हातातच होती. "सर, आम्ही तेव्हा पाणी टँकरवरून हंड्यानं आणायचो," ती म्हणाली. "वस्तीत साठून राहील एवढं पाणी नव्हतंच. बाईंना ते माहीत होतं. आल्या होत्या त्या आमच्याकडं. मग बाईंनीच तसं लिहायला का सांगितलं, ते मला आजपर्यंत कळलं नाय."

मी व्यासपीठावरून खाली उतरलो आणि रांगांमधून चालत तिच्यापर्यंत गेलो.

"बाईंनी सांगितलंच नव्हतं," मी म्हणालो. "तू मला दोनदा विचारलंस आणि मी दोनदा खोटं बोललो. तुझ्या घराकडून तो बाण मी काढला, आणि तो तुझ्याच हातून लिहून घेतला. बाई तुला कधीच तसं म्हणाल्या नव्हत्या. माझं चुकलं, बेटा. मला क्षमा कर."